रुमालाखालचा हात

६ नोव्हेंबर १८६४, रविवार. अमरावती.

पाद्रीसाहेबांनी आज हे पॉकेटबुक दिलं. कातडी पुठ्ठा, विलायती कागद. म्हणाले, रोज आपल्या मनाची झडती घ्यावी आणि सापडेल ते यात लिहावं. आमच्या ख्रिस्ती मंडळीत एवढी माणसं असताना मलाच दिलं. कारण उघड आहे.

आजचा उपदेश: माणसाची पारख घाईनं करू नका. ज्या मापानं लोकांना मापाल, त्याच मापानं देव तुम्हाला मापील. फार उत्तम. बोलताना साहेब दोनदा माझ्याकडे बघत होते. समजणारा चेहरा मंडळीत एखादाच असतो, बोलणाऱ्याला त्याचाच आधार. मी मात्र माझ्या पुढच्या बाकावरच्या चंद्रभानकडे बघत होतो. या उपदेशाची खरी गरज त्याला आहे.

निश्चय: नाताळापर्यंत कोणाहीबद्दल मत करायचं नाही. नाताळाच्या दिवशी मंडळीचा कारभार बघणारा नवा वडील निवडायचा आहे. त्याचा आणि या निश्चयाचा काही संबंध नाही.

७ नोव्हेंबर, सोमवार.

पहिला दिवस छान गेला. फक्त एक मत झालं.

मी मुंबईच्या एका एजंटाकडे कापसाचा पारखी आहे. गठ्ठ्यात हात घालून मूठभर कापूस ओढतो आणि सांगतो, कोरडा की ओला, सरकी किती, कोणत्या शिवारातला. शितावरून भाताची परीक्षा, हाच धंदा. बारा वर्षं झाली. माणसंही मला तशीच कळतात, पण त्यांचे पैसे मिळत नाहीत.

आज भातकुलीचे खुशालराव गाडी घेऊन आले. तिकडे अमेरिकेत भाऊ भाऊ लढून राहिले आणि इकडे कापसाचा भाव चढून खुशालरावांच्या बैलांच्या शिंगांना चांदी चढली. पागोटं नवं, बोलणं मोठं. मी लांबूनच मुनीमाला म्हणालो, याच्या कापसाला पाणी मारलंय. हात घातला. कोरडा ठणठणीत. असा कापूस या मोसमात बघितला नव्हता.

पण हे मत नव्हे, हा धंदा. निश्चयातून कापूस वगळला.

१० नोव्हेंबर, गुरुवार.

रुख्मिणीला निश्चय सांगितला. ती चुलीजवळ होती. तिनं विचारलं की मनातल्या मनात केलेलं मत धरायचं की नाही. मी म्हणालो, मनात येतं ते येतं, तोंडातून गेलं तर मोजायचं. ती म्हणाली, “मंग तुमचं बरं हाय. तोंड बंद ठेवा, पुन्य लागंल.” बायकोच्या बोलण्यात थट्टा फार असते. हे मत नव्हे, ही माहिती.

बाप्तिस्म्यात माझं नाव योहान ठेवलं. बाजार अजून जानरावच म्हणतो. बाजाराला क्षमा.

१३ नोव्हेंबर, रविवार. दुपार.

प्रार्थना संपल्यावर कापूस बाजारातून घरी आलो. जवळची वाट म्हणून. रविवारी मी बाजाराकडे बघत नाही, आज दिसलं म्हणून दिसलं.

गफ्फारमियांच्या गादीवर चंद्रभान बसला होता. मांडीला मांडी लावून. दोघांच्या हातांवर हिरवा रुमाल.

हे पॉकेटबुक माझ्यावाचून कोणी वाचणार नाही, तरी लिहून ठेवतो. आपल्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघं रुमालाखाली हातात हात घेतात आणि बोटं दाबून भाव सांगतात. किती बोटं धरली, कसं दाबलं, ते त्या दोघांनाच ठाऊक. रुमालाखाली हात असले की तिसऱ्यानं तिकडे बघायचंसुद्धा नाही. कोणी रुमाल ओढला तर पंच त्याला बाजारातून उठवतात. असं कोणी केलेलं मी तरी ऐकलं नाही.

अब्दुल गफ्फार बाजारातले जुने दलाल. चंद्रभान एका पेढीवर कापूस तोलणारा तोलार. पूर्वी तालमीत पहिलवानांना मालिश करायचा, मग मिशनात आला, माझ्यानंतर दोन वर्षांनी. त्याच्याजवळ विकायला चिमूटभर कापूस नाही. मग रविवारी, देवाच्या दिवशी, सौदा कशाचा?

मी मत केलं नाही. फक्त बघितलं.

१५ नोव्हेंबर, मंगळवार.

बाजारात सहज चौकशी केली. सहा जणांकडे. दसऱ्यापासून गफ्फारमियांनी एकही सौदा केला नाही. लोकांना सांगतात, भाव अजून चढणार, मी थांबलो आहे. म्हणजे सहा दिवस थांबतात आणि रविवारी चंद्रभानशी बोलतात!

मत नाही. बेरीज आहे.

२० नोव्हेंबर, रविवार.

पुन्हा तेच. आज मी समोरच्या पानवाल्याजवळ उभा राहिलो. मोठ्यात मोठा सौदा दहा मिनिटांत तुटतो की जुळतो. हे दोघं अर्धा तास. चंद्रभानच्या कपाळावर घाम. एवढा घाम प्रामाणिक माणसाला नोव्हेंबरात येत नाही.

निश्चय थोडा दुरुस्त केला. मत करायचं नाही, पण मंडळीच्या भल्यासाठी डोळे उघडे ठेवायला हरकत नाही.

२७ नोव्हेंबर, रविवार.

तिसरा रविवार. आज गफ्फारमियांच्या डोळ्यांत पाणी होतं. तोंडातून आवाज नाही, डोळे मात्र भरलेले. चंद्रभान हसून काहीतरी सांगत होता. एका म्हाताऱ्याला बुडवून वर हसतो! प्रार्थनेत माझ्या पुढे बसतो हा माणूस. वडील म्हणून याचं नाव दोघातिघांनी घेतलं आहे.

मला गफ्फारमियांची दया आली. दया येणं ही चांगली खूण आहे. मनात द्वेष असता तर दया आली नसती.

३० नोव्हेंबर, बुधवार.

पाद्रीसाहेबांना सांगितलं. नाव घेणार नव्हतो, पण ‘एक तोलार’ म्हटल्यावर मंडळीत दुसरा तोलार नाही. साहेबांचं मराठी पोथीतलं. विचारलं, “आपण त्यास एकांती पुसिलें काय?” मी म्हणालो, पुसणं म्हणजे संशय घेणं, आणि संशय घेणं म्हणजे मत करणं, आणि माझा तर निश्चय आहे. साहेबांनी चष्मा काढून पुसला. बराच वेळ पुसला. मग म्हणाले, आधी त्याला विचारा, मग माझ्याकडे या.

बहुतेक त्यांना माझी युक्ती पटली, पण साहेब लोक लगेच कबूल करत नाहीत.

३ डिसेंबर, शनिवार.

विचारलं. काट्याजवळ गाठून एकट्यालाच विचारलं, रविवारी गफ्फारमियांच्या रुमालाखाली काय करतोस? त्यानं हातातलं वजन खाली ठेवलं. मग म्हणाला, “जानरावभाऊ, ते माह्यं नाही सांगाचं. ज्याचं हाय त्यालेच इचारा.” आणि पारड्यात वजन टाकायला लागला.

कबुलीच ही. निर्दोष माणूस ताडकन सांगतो. मी नेहमी ताडकन सांगतो.

गफ्फारमियांना विचारायची गरज नाही. बुडणाऱ्याला कोणी विचारतं का, पाणी किती?

४ डिसेंबर, रविवार.

पाठ दुखत होती. प्रार्थनेला गेलो, बाजाराला नाही. पूर्ण दिवस एकही मत नाही. निश्चय किती सोपा आहे हे कळलं.

११ डिसेंबर, रविवार. दुपारी एक.

आज सोक्षमोक्ष. नाताळाला चौदाच दिवस उरले. मंडळीनं चुकीचा माणूस निवडला आणि मी गप्प राहिलो, तर पाप माझ्या माथी. नवं उपरणं घेतलं. रुख्मिणीनं विचारलं, कुठं चालले. म्हणालो, देवाच्या कामाला. ती म्हणाली, “जेवून जा. उपाशी मानूस देवाचं काम वंगाळ करते.” जेवलो नाही.

त्याच दिवशी, सायंकाळी.

रुमाल ओढला.

१२ डिसेंबर, सोमवार.

काल पुढे लिहिता आलं नाही. शाई पातळ झाली होती.

झालं ते असं. मी गर्दीतून गादीपर्यंत गेलो आणि मोठ्यानं म्हणालो की आज रविवार आहे आणि देवाला रुमालाच्या आतलंही दिसतं. वाक्य आधी घोकून ठेवलं होतं. लोक वळले. चंद्रभान माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, “जानरावभाऊ, नोका.” त्यानं मला अडवायला हात उचलला नाही. दोन्ही हात रुमालाखाली होते. मी टोक धरून ओढलं.

चंद्रभानच्या हातांत गफ्फारमियांचा उजवा हात होता. तेल लावलेला. बोटं आत वळलेली, वाळल्या शेंगेसारखी. चंद्रभान एकेक बोट धरून सरळ करत होता. सोडलं की बोट पुन्हा आत. सौदा नव्हता, भाव नव्हता, काही नव्हतं.

तीस-चाळीस माणसं बघत होती. गफ्फारमियांनी डाव्या हातानं उजवा झाकून बघितला. झाकला गेला नाही. मग ते माझ्या हाताकडे बघायला लागले, कारण रुमाल माझ्याजवळ होता.

मी रुमालाची नीट घडी घातली आणि त्यांच्यापुढे ठेवली.

१३ डिसेंबर, मंगळवार.

माझा हेतू चांगला होता. हे कुठंतरी लिहिलेलं असावं म्हणून इथं लिहितो.

शिवाय चंद्रभाननं ताडकन सांगितलं असतं तर? शिवाय साहेबांनीच म्हटलं होतं, विचारा. शिवाय हात काय आज ना उद्या कोणाला तरी दिसणारच होता.

तीन वेळा ‘शिवाय’ लिहिलं. खोडणार नाही. झडती म्हणजे झडती.

जेवण जात नाही.

१५ डिसेंबर, गुरुवार.

आश्चर्य. पंचांनी मला बाजारातून उठवलं नाही. मी डोक्यावर उपरणं ओढून गेलो होतो, पण मुनीमानं रामराम केला, पानवाल्यानं पान दिलं. खुशालराव तर म्हणाले, “जानरावभाऊ, मन मोठं हाय तुमचं.” काहून, ते विचारलं नाही. माझी कळकळ बाजाराला दिसली असणार. देव आपल्या माणसाला सांभाळतो तो असा.

तरी चार वाजता निघून घरी आलो. गादीवरून जाणारी वाट टाळली. लांबची वाट पायाला चांगली.

१८ डिसेंबर, रविवार.

प्रार्थनेत चंद्रभान माझ्याशेजारी येऊन बसला. बाकावर सरकून मला जागा करून दिली. तो थुंकला असता तर बरं वाटलं असतं.

बाहेर आल्यावर मीच विचारलं. आता सांगायला हरकत नव्हती, सगळ्या बाजारानं बघितलं होतं. दसऱ्याच्या सुमारास गफ्फारमियांच्या उजव्या हातावरून वारं गेलं. दलालाचा उजवा हात म्हणजे त्याची जीभ. बोट दबलं नाही तर भाव कसा सांगणार? डावा पुढे केला तर समोरचा अपमान समजून उठून जातो. घरात पुतण्या बद्रुद्दीन गादीवर डोळा ठेवून, म्हणून मालिश घरी नको. चंद्रभान म्हणाला, “बाजारात रुमालाखाली हात असले का कोनी इचारत नाही. लपाले तेच ठिकान चांगलं होतं. दोन बोटं हलाले लागली होती, भाऊ. मकरसंक्रांतीपर्यंत हात बोलाले लागला असता.”

डोळ्यांत पाणी का होतं, तेही विचारलं. त्या दिवशी पहिल्यांदा अंगठा हलला होता.

मी घरी येऊन भिंतीकडे तोंड करून बसलो. रुख्मिणीला सगळं ठाऊक होतं. अमरावतीत सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त मी आदल्या आठवड्यात माझी वाहवा ऐकत फिरत होतो.

२१ डिसेंबर, बुधवार.

आज सरळ वाटेनं गेलो. गादीवर बद्रुद्दीन बसला होता. जुने शेतकरीही त्याच्याचकडे. त्याचा रुमाल लाल आहे. गफ्फारमिया आठ दिवस बाजारात आले नाहीत.

मी हे केलं. देवानं नाही, चंद्रभाननं नाही, वाऱ्यानं नाही. मी केलं.

निश्चय: नाताळाच्या दिवशी सगळ्या मंडळीपुढे उभं राहून पाप कबूल करायचं. नंतर बाजारात, पंचांपुढे. सगळं.

२४ डिसेंबर, शनिवार.

कबुली लिहून झाली. चार पानं. उत्तम उतरली आहे. तिसऱ्या पानाशी मलाच रडू आलं. रुख्मिणीला वाचून दाखवली. ती म्हणाली, “यात गफ्फारमिया कुठं हाय?” दुसऱ्या पानावर खालून चौथ्या ओळीत आहेत, दाखवले. ती उठून भाकरी करायला गेली.

२५ डिसेंबर, रविवार. नाताळ.

प्रार्थनेआधी साहेबांना पानं दाखवली. त्यांनी सगळी वाचली आणि चंद्रभानला बोलावलं. चंद्रभान म्हणाला, हे वाचू नका.

कारण मला आज कळलं. १२ तारखेला सकाळी पंच बसले होते, मला बाजारातून कायमचं उठवायला. सगळे एका मताचे होते. तेवढ्यात गफ्फारमिया स्वतः आले, उजवा हात उघडा टाकून, आणि म्हणाले की रुमाल मीच काढायला लावला. मी लपवून लपवून थकलो होतो, स्वतःच्या हातानं काढायची हिंमत नव्हती, म्हणून जानरावाला सांगितलं, तू ये आणि ओढ. त्यानं माझं ऐकलं, बिचाऱ्यानं शिव्याही खाल्ल्या.

पंचांनी विश्वास ठेवला. म्हणून रामराम. म्हणून पान. म्हणून माझं मन मोठं.

आता मी कबुली दिली तर पंचांपुढे गफ्फारमिया खोटे ठरतात. गादी गेली, हात गेला, बोलण्याची किंमत तेवढी राहिली आहे, तीही जाईल. साहेबांनी चारही पानं घडी करून माझ्या हातात परत दिली. म्हणाले, “योहाना, आतां तुम्हांस उगेच राहावें लागेल.” पहिल्यांदाच कोणीतरी योहान म्हटलं आणि मला मान वर करता आली नाही.

वडील म्हणून चंद्रभानचं नाव आलं. त्यानं नको म्हटलं. अकोल्याकडे रेल्वेचं काम चाललं आहे, त्याची पेढी तिकडे दुकान उघडते, तो महिनाअखेर जाणार. मग कोणीतरी माझं नाव घेतलं. गफ्फारमियांवर उपकार करणारा माणूस म्हणून! मी मोठ्यानं नाही म्हणालो. लोकांना वाटलं, विनय.

१ जानेवारी १८६५, रविवार.

नवं वर्ष. निश्चय काही नाही.

चंद्रभान काल गेला. गाडी निघताना त्याला विचारलं, आता हाताची मालिश कोण करील? तो म्हणाला, “कोनी नाही.” मी म्हणालो, मला शिकव. त्यानं बैलांना थांबवलं आणि माझाच हात धरून दाखवलं, कुठं दाबायचं, कुठं ओढायचं. मागे गाड्या खोळंबल्या, शिव्या सुरू झाल्या. तो घाई करेना.

आज गफ्फारमियांच्या दारापर्यंत गेलो. कडी वाजवली नाही. परत आलो. त्यांची घरवाली बिस्मिल्लाबी चिडतील, अंगावर पाणी फेकतील, शेजारी जमतील. बायका अशा वेळी फार तोडून बोलतात.

वरचं वाक्य आता वाचलं. ती बाई मी एकदाही बघितलेली नाही.

८ जानेवारी, रविवार. सायंकाळी.

कडी वाजवली. बिस्मिल्लाबींनी दार उघडलं आणि विचारलं, कोन? म्हणालो, जानराव पारखी. त्यांनी मला नखशिखांत बघितलं, मग आत जाऊन तेलाची वाटी आणून ठेवली.

गफ्फारमिया खाटेवर होते. महिनाभरात म्हातारे झाले. मी बोलायला सुरुवात केली. चार पानांतलं पहिलं वाक्य आठवत होतं. ते म्हणाले, “अंगठ्यापासून चालू करा. चंद्रभान तसंच करे.”

अंगठ्यापासून चालू केलं. बऱ्याच वेळानं विचारलं की पंचांपुढे माझ्यासाठी खोटं काहून बोलले. ते म्हणाले, “दोघाइची रोटी काहून बुडवाची? एकाची बुडाली, तेवढी लय झाली.” आवाजात राग नव्हता. माया होती असंही नाही. कापसाचा भाव सांगावा तसं सांगितलं.

आता रुमाल नव्हता. दार उघडं, येणारे-जाणारे बघत होते. बोटं पुन्हा पहिल्यासारखी आत वळली आहेत. चंद्रभानची सगळी मेहनत गेली. तासभर दाबत बसलो. शेवटी करंगळीच्या शेजारचं बोट माझ्या तळव्यावर एकदा दबलं. मला वाटलं, माफ केलं. मग वाटलं, दूर हो म्हणाले. मग वाटलं, नुसती नस उडाली असेल. त्यांच्या तोंडाकडे बघितलं, ते डोळे मिटून होते.

काय होतं ते मला सांगता येत नाही. विचारलंही नाही. पुढल्या रविवारी तेल आपल्या घरचं न्यायचं.